सव्वापाचचं रिपोर्टिंग आणि न येणारी झोप

पहाटे सव्वापाचचं रिपोर्टिंग आहे. गजर तीनचा लावलाय. रात्रीचे साडेबारा वाजून गेले तरी डोळ्याला डोळा लागत नाही. कपाटात गोळ्यांची एक पट्टी पडून आहे. मागे कधीतरी सिम्युलेटर चेकच्या ताणात जवळच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली, त्यातल्या तीन-चार उरलेल्या. अर्धीच घेतली तर?

घ्यायची नाही. अर्धीही नाही, पावही नाही. पण हे उत्तर देणं सोपं आहे. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. गोळी नाकारल्यावर तीन वाजेपर्यंत करायचं काय, आणि तीनला उठून कामावर जायचं की नाही हे ठरवायचं कशाच्या आधारावर? एअरलाइनमधले वैमानिक, बारामती-गोंदियात परवान्यासाठी तास जमवणारी मुलंमुली आणि त्यांच्याबरोबर ज्यांच्या झोपेचाही बोजवारा उडतो ती घरची माणसं, या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी गोळीचा हिशोब पुरता मांडू, म्हणजे रात्री साडेबाराला तो नव्याने मांडत बसावं लागणार नाही.

रक्तातलं औषध निम्म्यावर यायला जेवढा वेळ लागतो, त्याला त्याचं अर्धायुष्य म्हणतात. विमानवैद्यकातला ढोबळ संकेत असा, की गुंगी आणणाऱ्या औषधाची पाच अर्धायुष्यं उलटल्याशिवाय कॉकपिटमध्ये बसू नये. पाच वेळा निम्मं झालं की मूळ मात्रेच्या तीनेक टक्केच औषध उरतं. आता आपल्याकडे घरोघरी सापडणाऱ्या गोळ्यांना हे माप लावून बघा. अल्प्राझोलामचं अर्धायुष्य साधारण अकरा तास. पाचाने गुणलं तर पंचावन्न तास, म्हणजे दोन दिवसांहून जास्त. क्लोनाझेपामचं तीस ते चाळीस तास. गुणाकार दीडशे ते दोनशे तासांवर जातो. सोमवारी रात्री घेतलेली ही गोळी रविवारच्या सेक्टरवरही थोडीफार तुमच्याबरोबर विमानात चढते. सकाळी डोकं हलकं वाटतंय, हा पुरावा इथे चालत नाही. औषधाने मंदावलेला माणूस आपण मंदावलो आहोत हे ओळखण्यातही मंद झालेला असतो.

त्यातल्या त्यात लवकर उतरणारी म्हणून झोल्पिडेमची ख्याती आहे. अर्धायुष्य अडीच तासांच्या आसपास. तरीही अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, झोल्पिडेम घेतल्यानंतर २४ तास उडायचं नाही असं ठरवलं आहे. गोळी घ्यायची तीसुद्धा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त नाही, आणि टाइम झोन बदलल्यामुळे बिघडलेलं शरीराचं घड्याळ जुळवण्यासाठी तर मुळीच नाही. एवढी सावधगिरी का, तर औषध निचरण्याचा वेग माणसागणिक बदलतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी स्त्रियांसाठी झोल्पिडेमची शिफारस केलेली मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली, कारण त्यांच्या शरीरातून हे औषध सावकाश जातं आणि सकाळी गाडी चालवण्याइतकी सावधता राहत नाही असं दिसलं. २०१९ मध्ये त्याच औषधावर सर्वांत कडक इशारा छापणं सक्तीचं झालं. गोळी घेऊन झोपेतच चालत गेलेल्या, स्वयंपाक केलेल्या, गाडी काढून बाहेर पडलेल्या आणि सकाळी काहीच न आठवणाऱ्या माणसांच्या नोंदी त्यामागे होत्या.

आता हा २४ चा आकडा आपल्या रोस्टरशेजारी ठेवा. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांनुसार दोन ड्युट्यांमधली किमान विश्रांती आधीच्या ड्युटीइतकी किंवा १२ तास, यातली जी जास्त ती. तीन टाइम झोन ओलांडले तर १४ तास. बारा किंवा चौदा तासांत चोवीस तास बसत नाहीत. लागोपाठच्या दोन ड्युट्यांच्या मधल्या फटीत मावेल अशी झोपेची गोळी जवळजवळ नाहीच, असा याचा सरळ अर्थ. मी अमेरिकी आकडे दिले कारण ते औषधागणिक स्पष्ट लिहिलेले आहेत. भारतीय परवाना असेल तर शेवटचा शब्द कंपनीच्या डॉक्टरांचा आणि डीजीसीएच्या वैद्यकीय परीक्षकांचा. त्यांच्याकडून यापेक्षा सैल उत्तर मिळेल अशी आशा मात्र धरू नका.

यावर एक प्रतिवाद हमखास येतो: लष्करातले वैमानिक घेतात की! खरं आहे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या मालवाहू विमानांच्या चमूंना टेमाझेपाम दिलं गेलं होतं, आणि अमेरिकी हवाई दलातही काही गोळ्यांना परवानगी आहे. पण तिथे गोळी हवाई दलाचा डॉक्टर देतो, आधी जमिनीवर एकदा देऊन परिणाम पाहतो, आणि त्यानंतर किती तास उडायचं नाही हेही तोच ठरवतो. कपाटातल्या उरलेल्या पट्टीला यातलं काहीच लागू होत नाही.

झोपेची गोळी न वाटणाऱ्या गोळ्या

चिठ्ठीवरच्या गोळीला बरेच जण बिचकतात. फसगत होते ती सर्दी-खोकल्याच्या औषधांत. आपल्याकडच्या बेनाड्रिलच्या बाटलीत डायफेनहायड्रामाइन असतं. एफएएच्या लेखी त्यानंतरची प्रतीक्षा ६० तासांची, म्हणजे झोल्पिडेमच्या अडीचपट. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने १९९० ते २०१२ या काळात अपघातांत मरण पावलेल्या वैमानिकांच्या शरीरात कोणती औषधं सापडली याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. गुंगी आणू शकणाऱ्या औषधांत सर्वांत जास्त वेळा आढळलं ते हेच. त्यातले बहुतेक खाजगी वैमानिक होते, पण म्हणून बेफिकीर राहावं असं त्यात काही नाही. अ‍ॅविल, फेनरगन, गाडी लागू नये म्हणून घेतात ती अवोमिन, ही सगळी त्याच गोतावळ्यातली. ‘साधी सर्दीची गोळी’ हा शब्दप्रयोग वैमानिकाच्या घरात बंद करावा.

एक पेग घेतला की छान झोप लागते, हेही अर्धंच खरं. झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात तुटत राहते. शिवाय उड्डाणाआधी १२ तासांची बंदी आणि ड्युटीला आल्यावर बीए टेस्टमध्ये, म्हणजे श्वासातल्या दारूच्या चाचणीत, शून्याची अपेक्षा. नसत्या फंदात पडूच नये.

मेलाटोनिन घेणाऱ्यांना ते औषध वाटतच नाही. २०१७ मध्ये कॅनडात दुकानांतल्या मेलाटोनिनच्या गोळ्या तपासल्या, तेव्हा डबीवर लिहिलेल्या मात्रेपेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तीपर्यंत काहीही निघालं. डबीवर काय छापलंय आणि पोटात काय जातंय यांचा संबंध इतका सैल असेल, तर कंपनीच्या डॉक्टरांना न विचारता ती डबी उघडू नये.

आणि आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक, हा समज तर वैमानिकाला थेट घरी बसवू शकतो. ‘विजया’ नावाने झोपेसाठी आणि वेदनेसाठी जी औषधं राजरोस विकली जातात, ती भांगेच्या पानांची असतात. डीजीसीएने ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची अमली पदार्थांसाठी अचानक चाचणी सुरू केली. त्या चाचणीत गांजा-भांगेतला घटक शोधला जातो. अफूजन्य पदार्थ, कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन, बार्बिच्युरेट आणि बेंझोडायझेपिन हेही शोधतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही बेंझोडायझेपिनच होत. म्हणजे मित्राच्या पट्टीतली एक गोळी फक्त सुरक्षिततेचा प्रश्न राहत नाही, नोकरीचा होतो. गुंगी उतरल्यानंतरही लघवीत तिचा माग राहतो. रीतसर चिठ्ठीवर औषध चालू असेल तर नमुना देतानाच ते सांगायचं असतं. अहवाल आल्यावर चिठ्ठी शोधत बसलात तर ऐकणाऱ्याला ती पळवाट वाटते.

जाता जाता खसखशीबद्दल. झोप येत नाही म्हटल्यावर आजी जायफळ घातलेलं दूध देते किंवा खसखशीची खीर करते. खसखस अफूच्या बोंडातलीच, आणि तिच्यामुळे लघवीत मॉर्फिनचा अंश येऊ शकतो. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकी संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांना खसखस टाळायला सांगितलं ते याचमुळे. दिवाळीतल्या अनारशांना घाबरायचं कारण नाही असं माझं मत आहे, पण ड्युटीच्या आदल्या दिवशी वाटीभर खसखशीची खीर नको.

हा निद्रानाश आहे का?

माझा अंदाज असा, की वैमानिक ज्याला निद्रानाश म्हणतात त्यातला बराच भाग निद्रानाश नसतोच. वरचं उदाहरण घ्या. तीनला उठायचं तर सात तासांच्या झोपेसाठी आठला झोपी जायला हवं. म्हणून शहाणा माणूस साडेसातला जेवून आठला दिवा मालवतो, आणि अकरापर्यंत कूस बदलत राहतो. यात त्याचा दोष नाही. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीर दिवसातलं सर्वांत जागं असतं. झोपेच्या अभ्यासकांनी त्या पट्ट्याला ‘निषिद्ध काळ’ असंच नाव दिलं आहे. रोज अकराला झोपणाऱ्याने एका दिवसासाठी आठला झोपायचं ठरवलं, तर तो बरोबर त्या पट्ट्यात जाऊन पडतो. तिथे झोप येत नाही, चिडचिड मात्र येते. मग हीच चिडचिड त्याला साडेबारापर्यंत जागं ठेवते.

यावर उपाय दुपारी आहे. पहाटेच्या ड्युटीच्या आदल्या दिवशी दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान थोडी झोप काढा आणि रात्री आठऐवजी साडेनऊला पाठ टेका. दुपारी शरीर तसंही पेंगतं. आपली वामकुक्षीची परंपरा त्याला धरूनच आहे. मात्र ती झोप तासाभराच्या फार पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर रात्रीची आणखी लांबते. पहाटेच्या ड्युट्या तीन-चार दिवस लागोपाठ असतील तर रोज त्याच सुमारास उठा, सकाळचं ऊन अंगावर घ्या, संध्याकाळी घरातले दिवे मंद ठेवा. तिसऱ्या दिवसापर्यंत झोप थोडी अलीकडे सरकते. कॅफीनचं अर्धायुष्य पाचेक तासांचं असतं. सहाच्या कॉफीतलं निम्मं अकरा वाजताही कामावर हजर असतं. दुपारनंतर कॉफी नको.

रात्रभराच्या ड्युटीची तयारी वेगळी. त्या दिवशी दुपारची झोप लांब, दीड तासाची चालते, किंबहुना हवीच. सकाळी ड्युटी संपल्यावर घरी जाताना गडद चष्मा लावा आणि पोहोचताच आडवे व्हा. ‘जरा ईमेल बघून झोपतो’ म्हटलं की शरीराचं घड्याळ पुन्हा दिवसाला लागतं. चार-पाच तास सलग मिळाले तरी पुष्कळ, उरलेली झोप संध्याकाळी भरून काढा. घरी जाताना गाडी स्वतः चालवू नका. पुण्यात घर आणि मुंबईत बेस असणाऱ्यांनी तर रात्रीच्या ड्युटीनंतर द्रुतगती मार्गावर स्टिअरिंग हातात घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. विमान सुखरूप उतरवून माणूस खालापूरच्या टोलनाक्यापुढे डुलकी घेतो, आणि तिथे शेजारी सहवैमानिक नसतो.

दिवसा झोपणाऱ्याला आपल्या समाजात शांतता मिळत नाही हे वेगळं सांगायला नको. कुकरच्या शिट्ट्या, कुरियरवाला, पाण्याचा टँकर, भाद्रपदात ढोल-ताशा. घरात एकदाच नीट बोलून घ्यावं. खिडकीला आतून जाड काळं कापड, दाराची बेल बंद करायचं बटण, आणि फोनमध्ये क्रू शेड्युलिंगचा नंबर सोडून बाकी सगळ्यांना मज्जाव. ‘दहा वाजले तरी लोळतोय’ असं शेजारी म्हणतील, म्हणू द्यावं. सासूबाईंना मात्र समजावून सांगावं लागतं, कारण जावई घरी असल्यावर त्याला गरम पोहे द्यायचा त्यांचा आग्रह कुठल्याही नियामकाला जुमानत नाही.

परदेशी लेओव्हरबद्दल एवढंच: लंडनसारखा मुक्काम २४ ते ४८ तासांचा असेल तर घड्याळ जुळवायच्या भानगडीत पडू नका. घरच्या वेळेला जमेल तेवढं चिकटून राहा.

साडेबारा ते तीन

इतकं सगळं करूनही एखादी रात्र अशी येतेच. घरात आजारपण असतं, दुसऱ्या दिवशी लाइन चेक असतो, किंवा काहीच कारण नसतं. महिन्यातून अशा एक-दोन रात्री येणं हा आजार नव्हे.

वीसेक मिनिटं झाली असं वाटलं की उठा. घड्याळ बघून वीस मिनिटं मोजू नका. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि फोन दुसऱ्या खोलीत. दुसरीकडे मंद उजेडात बसा, काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे जड झाले की परत या. पलंगावर जागं पडून राहायची सवय लागली, की मेंदू पलंग आणि जागरण यांची गाठ मारून ठेवतो. १९७० च्या दशकापासून निद्रानाशावर वापरली जाणारी ही साधी पद्धत आहे आणि ती टिकून आहे.

उठल्यावर रोस्टरचं अ‍ॅप उघडू नका. ‘आता झोपलो तर दोन तास वीस मिनिटं मिळतील’ ही आकडेमोड करू नका. वैमानिकाला उरलेलं इंधन मोजायची सवय असते, आणि तीच इथे घात करते. एक दिलासाही आहे. झोप न येणारी माणसं आपण किती झोपलो याचा अंदाज बहुधा कमीच करतात. ‘रात्रभर टक्क जागा होतो’ म्हणणाऱ्याला अनेकदा दोन-तीन तास झोप मिळालेली असते. पण दिलासा घ्यायचा तो अंथरुणापुरता. ड्युटीचा निर्णय घेताना धरायचा तो आकडा काटेकोर.

आणि हा निर्णय तीनपर्यंत ताणू नका. एक वाजताच दिसत असेल की गणित जुळणार नाही, तर एकलाच फोन करा. शेड्युलिंगला स्टँडबायवरच्या माणसाला उठवायला दोन तास मिळतात, आणि तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरल्यावर गंमत म्हणजे तुम्हाला झोपही लागते.

गणित कोणतं? थकव्याचा अभ्यास करणाऱ्या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००५ मध्ये मांडलेला एक ठोकताळा मला सर्वांत वापरण्याजोगा वाटतो. गेल्या २४ तासांत निदान पाच तास झोप झाली आहे का? गेल्या ४८ तासांत निदान बारा तास? आणि तिसरं: ड्युटी संपेपर्यंत जितके तास जागं राहावं लागेल, ते गेल्या ४८ तासांतल्या एकूण झोपेपेक्षा जास्त तर होत नाहीत ना? समजा परवा रात्री आठ तास झोपलात, काल पाच. एकूण तेरा. तीनला उठलात तर दुपारी चारपर्यंत तुम्ही ठीक आहात. शेवटचं लँडिंग दोनचं असेल तर जा. चार सेक्टर आणि संध्याकाळी सहा असेल तर नको. आणि काल दोनच तास झोप मिळाली असेल तर परवाचे आठ तास मध्ये आणूच नका. पहिल्याच प्रश्नावर उत्तर ‘नाही’ येतं, तिथे थांबा.

याच अभ्यासकांपैकी एकाने १९९७ मध्ये दाखवलं होतं, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि २४ तासांनंतर ०.१० टक्क्यांच्या आसपास जाते. आपल्याकडे मोटार चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठून दिवसभर स्टँडबाय, रात्री दहाला बोलावणं, तीनला लँडिंग: हा वीस तास जागा असलेला माणूस बीए टेस्ट मात्र सहज पार करतो. झोप मोजणारी फुंकणी अजून निघालेली नाही, म्हणून ती मोजणी तुम्हालाच करावी लागते.

फोनवर काय बोलायचं? लांबलचक खुलासा नको. ‘गेल्या चोवीस तासांत माझी झोप दोन तास झाली आहे, मी या ड्युटीसाठी फिट नाही,’ बस. नंतर लेखी फटीग रिपोर्ट भरा. हे सांगणं सोपं आणि करणं कठीण, याची मला कल्पना आहे. उड्डाणभत्ता बुडतो, फ्लीट ऑफिसमधून विचारणा होते, नव्याने लागलेल्या एफओला, म्हणजे सहवैमानिकाला, आपलं नाव वहीत चढेल अशी धास्ती असते. ही धास्ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण डीजीसीएच्या २०२४ च्या सुधारित नियमांनी कंपन्यांना फटीग रिपोर्टचा तिमाही हिशोब द्यायला लावलं आहे, तेव्हा तुमचा कागद कुठेतरी मोजला जातो. याच नियमांत आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीची लँडिंगं सहावरून दोनवर आली. ते २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द होऊन रात्रीच्या कामाच्या काही अटींतून कंपनीला तात्पुरती सूट द्यावी लागली. वैमानिकांच्या झोपेवर वेळापत्रक किती बेतलेलं होतं, ते त्या आठवड्यात विमानतळावर बॅगांवर बसलेल्या प्रवाशांनाही कळलं.

गणित जुळलं आणि गेलात, तरी ब्रीफिंगमध्येच सांगून टाका. ‘सर, रात्री झोप थोडी कमी झालीय, लक्ष असू द्या,’ असं एफओने कॅप्टनला म्हणण्यात कमीपणा नाही. कॅप्टनने एफओला म्हणणं तर फारच चांगलं, कारण मग पुढे चूक दाखवायला त्याची जीभ अडखळत नाही.

कंपनीच्या नियमपुस्तिकेत परवानगी असेल तर क्रूझमध्ये, जोडीदाराला सांगून, आळीपाळीने घेतलेली छोटी डुलकी उपयोगी पडते. नासाच्या १९९४ च्या अभ्यासात वैमानिकांना चाळीस मिनिटांची सवड दिली, त्यात सरासरी २६ मिनिटं झोप झाली, आणि पुढच्या टप्प्यात त्यांची सावधता स्पष्टपणे सुधारली. ठरवून घेतलेली डुलकी आणि आपोआप लागलेला डोळा यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. जानेवारी २०२४ मध्ये इंडोनेशियात बाटिक एअरचे दोन्ही वैमानिक एकाच वेळी २८ मिनिटं झोपले होते. सहवैमानिकाच्या घरी महिन्याभराची जुळी बाळं होती. घरी तान्हं मूल असलेल्या वैमानिकाने रजा, पाळणाघर, आजी-आजोबा, शक्य ती सगळी मदत त्या काळात मागून घ्यावी.

दुसरा धोका झोपेतून उठल्यानंतरचा. २२ मे २०१० ला दुबईहून मंगळुरूला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं ८१२ क्रमांकाचं विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं आणि १५८ जण गेले. कॅप्टन प्रवासात दीर्घ काळ झोपले होते. ध्वनिमुद्रणात घोरण्याचा आवाज आहे. जाग आल्यावर काही वेळ मेंदूवर जी जडता राहते, तिने त्यांचा निर्णय बिघडला असावा, असं चौकशी न्यायालयाने म्हटलं. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याविषयी तीनदा सुचवलं होतं. तिथे कुठलीही गोळी नव्हती. निव्वळ लांब झोप आणि पहाटेची वेळ एवढ्यावर जडता इतकी असेल, तर रक्तात औषध असताना ती किती वाढेल?

गोळी कधी चालते, आणि गोळीने कधी भागत नाही

लांब रजेवर आहात, घरात दुःखद घटना घडलीय, डॉक्टरांनी चार दिवसांसाठी गोळी दिली, तर घ्या. त्यात लाज नाही. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी वैमानिक आहे. जवळचा डॉक्टर आपल्या सोयीने अल्प्राझोलाम लिहून मोकळा होतो; तुमचं काम त्याला माहीत नसतं. औषधाचं मूळ नाव आणि शेवटची गोळी घेतल्याची तारीख-वेळ लिहून ठेवा, कंपनीच्या डॉक्टरांना कळवा, परत कधी उडायचं ते त्यांच्याकडून घ्या. पुढच्या मेडिकलच्या अर्जात ते नोंदवा. राहिलेल्या गोळ्या केमिस्टला परत द्या किंवा नष्ट करा. उरलेली पट्टी हीच साडेबाराच्या मोहाची सुरुवात असते.

आठवड्यातून तीन रात्री, असं तीन महिने चाललं असेल, तर त्याला अधूनमधून म्हणता येत नाही. तिथे पहिला उपाय म्हणून औषध सुचवलंही जात नाही. अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत निद्रानाशासाठी विशेष मानसोपचार, म्हणजे सीबीटी-आय, आधी आणि गोळ्या नंतर असा क्रम आहे. चार-सहा आठवड्यांत बहुतेकांना फरक पडतो. वैमानिकासाठी त्यात एक मेख आहे. या उपचारात सुरुवातीला अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करतात, त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे दिवसा झोप येते. तो भाग रजेतच उरका. सलग वेळ मिळत नसेल तर थेरपिस्टला रोस्टर दाखवा.

घोरता का, हे बायकोला किंवा नवऱ्याला विचारा. फेब्रुवारी २००८ मध्ये हवाई बेटांवर एका छोट्या विमानाचे दोन्ही वैमानिक झोपी गेले आणि विमान मुक्काम ओलांडून समुद्रावर गेलं. कॅप्टनला नंतर तीव्र स्लीप अ‍ॅप्निया निघाला. रात्रभर श्वास अडकत असेल तर आठ तास झोपूनही माणूस थकलेलाच उठतो, आणि त्यावर झोपेची गोळी घेणं अपायकारक. यंत्र लावून उपचार नीट चालू असले, की उडायला बहुधा परवानगी मिळते.

झोपेबरोबर भूक, हसणं, मुलांशी बोलणं सगळंच कमी झालं असेल, तर प्रश्न झोपेपुरता उरलेला नाही. मेडिकल जाईल या भीतीने गुपचूप दुसऱ्या शहरात जाऊन, खोटं नाव सांगून औषधं आणणारे वैमानिक असतात. त्या भीतीपोटी होणारं नुकसान जास्त असतं. कंपनीत सहकाऱ्यांची मदतव्यवस्था असेल तर पहिला फोन तिथे करा.

आणि अल्प्राझोलामसारखी गोळी वर्षभर रोज चालू असेल, तर हा लेख वाचून आज रात्रीपासून ती बंद करू नका. एकदम थांबवली तर झोप पूर्वीपेक्षा वाईट उडते, अस्वस्थता येते, क्वचित फिटही येते. मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवावी लागते आणि ती डॉक्टरच उतरवतात. तेवढे दिवस जमिनीवर राहण्याची तयारी ठेवा आणि तोवर उडणार नाही हे शेड्युलिंगला आजच कळवा.